कावळा शिवताना

आमच्या साताऱ्याच्या वाड्यात आई महिन्यातून तीन दिवस मागच्या पडवीत बसायची. मी तिच्याकडे धावले की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "शिवू नकोस गं, तिला कावळा शिवलाय." मी तेव्हा चार-पाच वर्षांची. मला ते अगदी खरं वाटायचं. परसातल्या शेवग्यावरून एक कावळा उतरतो, आईच्या खांद्याला पंख लावतो आणि जातो. नुसता पंख लावत असेल की चोच मारत असेल? दुखत असेल का? एकदा मी अख्खी दुपार दारात बसून पाळत ठेवली. कावळे आले, पाट्याजवळ सांडलेलं खोबरं उचलून गेले. आईकडे एकानंही पाहिलं नाही.

त्या तीन दिवसांत आई गोधडी शिवायची. जुनी लुगडी, आजोबांचं धोतर, आमचे आखूड झालेले परकर यांचे थर लावायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायची. बाकी कशाला हात लावायचा नसे, पण गोधडी चालायची, कारण ती शेवटी धुतली जाणारच असे. म्हणजे कावळा शिवला की आई शिवायला बसायची. स्पर्शाचं शिवणं आणि सुईचं शिवणं, दोघांची मुळं वेगळी. मराठीच्या तोंडी येईपर्यंत उच्चार एक झाला, आणि आमच्या पडवीत जागाही एकच झाली. हे माझ्या ध्यानात यायला मात्र चाळीसेक वर्षं आणि आईचा दहावा लागला.

दहाव्याला आम्ही पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर होतो. डिसेंबरची सकाळ, मुठेला पाणी बेताचं. दादानं पिंड मांडले, मावशीनं आईला आवडणाऱ्या साखरभाताची मूद शेजारी ठेवली, आणि सगळे मागे सरकलो. कावळा आला, भिंतीवर बसला, खाली उतरला नाही.

ज्यानं हे पाहिलं असेल त्याला पुढचं सांगायला नको. आधी सगळे गप्प. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "काहीतरी राहिलंय मनात." मग आश्वासनं सुरू होतात. दादा म्हणाला, "आई, साताऱ्याचं घर विकणार नाही." वहिनी म्हणाली, "धाकटीचं लग्न तुमच्या मनासारखं करू." मावशीनं हात जोडले, "अक्का, तुझ्या पाटल्या नातींनाच देऊ." ज्याला जे आतून टोचत असतं तेच त्या वेळी बाहेर पडतं. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मला काही बोलता आलं नाही, कारण मी कावळा पाहत होते. तीस वर्षं चित्रं काढत आले होते, पण कावळा असा कधी पाहिला नव्हता. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून तो पिंडाकडे एकदा या डोळ्यानं पाही, मग मान फिरवून त्या डोळ्यानं. मधेच डोळ्यावरून एक पांढुरका पडदा सरकन येऊन जाई. मान राखाडी, पाठ काळी, आणि त्या काळ्यात ऊन पडेल तसं जांभळं, निळं, हिरवट काहीतरी हलत होतं. पंखाचं एक पीस वाऱ्यानं सारखं उचललं जात होतं आणि तो ते नीट बसवत होता. गावकावळ्याचं शास्त्रीय नाव कॉर्वस स्प्लेंडेन्स, म्हणजे झळाळणारा. नाव देणाऱ्यानं नीट पाहिलं होतं. आणि आम्ही पंधरा माणसं त्याच्यासमोर उभं राहून त्याच्याकडे काही ना काही मागत होतो. माझ्या आईच्या दहाव्याला मी त्याच्याकडे काहीच मागितलं नाही, याची टोचणी मला पुढे खूप दिवस होती. अजूनही ती पूर्ण गेलेली नाही.

रामायणाच्या उत्तरकांडात गोष्ट आहे. मरुत्त राजाच्या यज्ञात रावण आला, तेव्हा देव पक्ष्यांची-प्राण्यांची रूपं घेऊन लपले. यम कावळा झाला. संकट टळल्यावर त्यानं कावळ्याला वर दिला, की तू जेवलास म्हणजे माझ्या लोकातले जीव तृप्त होतील. लपायला जागा दिल्याची ती परतफेड होती. घाटावरच्या भिंतीवर बसलेल्या त्या पक्ष्याच्या अंगावर केवढं जुनं काम येऊन पडलंय, असं मला तेव्हा वाटत होतं.

तास उलटला. मागे दुसरं कुटुंब थांबलेलं. गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, दुमडल्या, एका टोकाशी पीळ देऊन गाठ मारली. गाठ म्हणजे डोकं, मागे सुटलेली टोकं म्हणजे शेपूट, मधे आडवी घातलेली काडी म्हणजे पंख. मिनिटभराचं काम. तो दर्भाचा कावळा त्यांनी पिंडाला लावला आणि म्हणाले, "शिवला." मावशीला रडू फुटलं. दादानं मोठा श्वास सोडला. मग तो कावळा पाण्यात सोडून दिला.

हातानं केलेली वस्तू खऱ्याच्या जागी उभी राहते आणि सगळे ते मान्य करतात, हे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्या गवताला डोळा नव्हता, रंग नव्हता. प्रदर्शनातल्या चित्रासमोर इतक्या खऱ्या मनानं उभं राहिलेलं माणूस मला क्वचितच दिसलंय.

आईची चंद्रकळा माझ्या वाट्याला आली. काळी, तांबड्या काठाची नऊवारी, संक्रांतीला नेसायची. घड्यांवर विरलेली होती, नेसण्याजोगी राहिली नव्हती. दोन वर्षं ती कपाटात होती. मग एका दुपारी मी ती टेबलावर पसरली आणि कात्री घेतली. पहिला काप घालायला मला जवळजवळ तासभर लागला.

चार चौकटी करायच्या ठरवल्या, प्रत्येकी दोन फूट बाय तीन: गावकावळा, डोमकावळा, रॅव्हन हा थोरला कावळा आणि 'जे' नावाचा रंगीत पक्षी. एकाच कुळातले चौघे. खाली शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागद. ही संस्था १९४० पासून हातानं कागद करते. तो कागद ओला झाला तरी लगद्यासारखा होत नाही, सुई घेतो, फाटत नाही. त्यावर वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या. खळ घरचीच, कणकेची, त्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद. पट्ट्यांवर कापडाचे थर आणि त्यांतून धावदोरा. पंखाच्या लांब पिसांसाठी चंद्रकळेच्या उभ्या पट्ट्या कापून एकीवर एक चढवल्या, कौलांसारख्या. कुठे कुठे थरांच्या फटीतून "यांचे दुःखद निधन" एवढीच अक्षरं दिसतात. ती मी मुद्दाम झाकली नाहीत.

चंद्रकळेचा काळा धुऊन धुऊन तांबूस झाला होता. आधी वाटलं, हा कावळ्याचा काळा नव्हे. मग मे महिन्यात खिडकीतले कावळे निरखले. पिसं झडायच्या आधी तीही उन्हानं विटलेली असतात, पंखांच्या कडा तपकिरी पडतात. पावसाळ्यात नवी पिसं आली की परत काळेभोर. माझा कावळा वैशाखातला, एवढंच.

जिथे गडद काळा हवा होता तिथे काजळ वापरलं. आई एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरून काजळ पाडायची, तसंच पाडलं. हे काजळ पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. आधी दोन थेंब स्पिरिटमध्ये कालवायचं, मग बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायचं, आणि घोटतच राहायचं. पोथ्या लिहिणारेही काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून शाई करत. बाजारात बाटलीतला काळा रंग मिळतो आणि तो वाईटही नसतो, पण त्याला तळ असतो. काजळाच्या काळ्यात नजर आत जात राहते.

कावळा चितारायचा म्हटलं की आर. के. लक्ष्मण यांच्यापाशी थांबावंच लागतं. १९२१ मध्ये म्हैसूरला जन्मलेला हा माणूस पन्नासहून अधिक वर्षं रोजच्या व्यंगचित्रात सामान्य माणूस काढत राहिला, आणि आयुष्यभर कावळेही काढत राहिला. शाईत, रंगात, झाडावर, तारेवर, पावसात भिजलेले, भांडणारे. लहानपणी घराभोवतीच्या हिरव्या झाडांसमोर, निळ्या आकाशासमोर, तांबड्या मातीवर, पिवळ्या भिंतीवर हा काळा पक्षी उठून दिसायचा, म्हणून तो नजरेत भरला, असं त्यांनी सांगितलं आहे. हे कारण मला फार आवडतं. त्यात यम नाही, पितर नाहीत, शकुन-अपशकुन नाही. काळा रंग कुठल्याही रंगावर बसतो, हा चित्रकाराचा हिशेब आहे. २६ जानेवारी २०१५ ला ते पुण्यात गेले, तेव्हा घाटावरचा तो दिवस माझ्या आयुष्यात यायचा होता. त्यांचे कावळे मी पुन्हा काढून पाहिले ते आईच्या दहाव्यानंतर. माझा हात त्यांच्यासारखा चालत नाही. त्यांच्या रेषेतला कावळा आत्ता उडेल असा असतो. माझा बसलेला आहे, वाट पाहतोय. पण पक्ष्याकडे काहीही न मागता पाहता येतं, आणि असं पाहणं म्हणजे त्याची उपेक्षा नव्हे, हे मला त्यांच्या चित्रांनी सांगितलं. टोचणी थोडी कमी झाली असेल तर तिथे.

कारण आपण कावळ्यावर किती काय लादलंय! दारात ओरडला तर पाहुणा येणार. काटेरी झाडावर घरटं बांधलं तर पाऊस कमी. डोक्याला शिवला तर मरण, मग ते टाळायला नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी कळवायची. आणि पुन्हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याची जागा उंदीर-घुशींच्या शेजारी, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत. ती अनुसूचीच २०२२ च्या दुरुस्तीनं गेली, हे बरं झालं.

आजीचं एक सांगणं मात्र खरं निघालं. कावळ्याच्या पडलेल्या पिल्लाला हात लावू नका, तो तोंड लक्षात ठेवतो, असं ती म्हणायची. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही आवारात फिरलं की कावळे आरडाओरडा करत मागे लागत. ज्यांना पकडलं नव्हतं तेसुद्धा.

जेनं मला सगळ्यात जास्त छळलं. हा कावळ्याच्या कुळातला, पण महाराष्ट्रात नसलेला पक्षी. आपल्याकडे या कुळातला रंगीत भाऊ म्हणजे टकाचोर, लांब शेपटीचा, विटकरी अंगाचा. इंग्रज आपल्या नीळकंठाला ब्लू जे म्हणत, पण दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात त्या नीळकंठाचा या कुळाशी संबंध नाही. खरा जे मी पाहिला तो कुमाऊंत, मुक्तेश्वरच्या बांज वृक्षांच्या जंगलात. काळ्या डोक्याचा, अंगानं करडा-तांबूस, आणि पंखावर निळ्या-काळ्या बारीक पट्ट्या, कुणी कशिदा काढावा तशा. पायवाटेवर त्याचं एक पीस पडलेलं सापडलं. उचलून उजेडासमोर आडवं धरलं, तर निळा गेला! मळकट तपकिरी पीस हातात उरलं. खाली केलं, निळा परत आला. पीस तिथेच ठेवून मी पुढे गेले.

तो निळा रंग नाहीच, हे मला वाचून ठाऊक होतं. पिसाच्या तंतूंत हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांवरून प्रकाशातला निळा तेवढा परत फिरतो. त्याखाली काळ्या द्रव्याचा थर असतो, तो उरलेला उजेड गिळतो. म्हणून मागून उजेड आला की खेळ संपतो. ते पीस खलात कुटलं तर निळी पूड मिळणार नाही, काळपटच मिळेल. चित्रकाराला हे ऐकून काय होतं ते सांगता येत नाही. नीळ, अल्ट्रामरीन, जुन्या निळ्या साडीचा तुकडा, सगळं लावून पाहिलं. सगळं रंगवल्यासारखं दिसे.

मग ठरवलं, पक्षी करतो तसंच करायचं. काळ्या काजळावर झिंक व्हाइटचा इतका पातळ हात फिरवायचा की खालचा काळा दिसत राहील. काळ्यावर विरळ पांढरं चढलं की ते निळसर दिसतं. धुराचं तेच, दूरच्या डोंगरांचंही तेच. आधी नमुन्याच्या एका कागदावर सात-आठ थर दिले. निळसर छटा आली खरी, पण जेचा निळा नव्हे. थंडीतल्या पहाटेसारखा, राखेवरचा निळसर करडा. चार महिने गेले होते. मी चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली.

आठवड्यानं नमुन्याचा तो कागद हातात आला, आणि मी गावकावळ्याच्या चौकटीशी नेला. मान! गावकावळ्याची राखाडी मान मला कशानंच जमत नव्हती. ती हीच होती. मग जेच्या चौकटीत निळा रंगवलाच नाही. पट्ट्यांच्या जागी आईच्या निळ्या दोऱ्याच्या रिळातले आडवे टाके घातले, नुसते टाके, आणि थांबले.

जेची मला हवी असलेली गोष्ट तशीही रंगात नव्हती. तो बांजाची फळं जमिनीत पुरून ठेवतो आणि पुढे शोधून काढतो. याच कुळातल्या स्क्रब-जेंवर निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी एक प्रयोग केला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष्यांनी अळ्याही पुरल्या आणि शेंगदाणेही. अळ्या त्यांना जास्त आवडतात. चार तासांनी सोडलं तर ते अळ्यांकडे गेले. पाच दिवसांनी सोडलं, तर शेंगदाण्यांकडे, कारण तोवर अळ्या नासतात हे ते शिकले होते. काय ठेवलं, कुठे ठेवलं आणि किती दिवस झाले, तिन्ही त्यांना आठवत होतं.

आई शेवटची दोन वर्षं विसरत गेली. ठेवलेलं आठवे, कुठे ते आठवत नसे. ती गेल्यावर तांदळाच्या डब्यात दहाच्या नोटा निघाल्या, देव्हाऱ्याच्या फळीमागे लवंगांच्या पुड्या, उशीच्या अभ्र्यात सात शर्टांची बटणं. जेच्या चौकटीत मी चंद्रकळेचे छोटे कप्पे शिवले आणि ही बटणं, लवंगा, एक नोट त्यांत घालून तोंडं शिवून टाकली. बाहेरून फक्त फुगवटा दिसतो.

रॅव्हनबद्दल थोडक्यात. लडाखमध्ये थिकसेच्या गोंपाजवळ पाहिला. घारीएवढा, गळ्याखाली दाढीसारखी पिसं, आवाज घशात पाणी घोळवल्यासारखा. भूतानच्या राजाच्या मुकुटावर याचं डोकं असतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा लोकांची गोष्ट आहे, की पहिली माणसं एका शिंपल्यात दडलेली होती आणि त्यांना रॅव्हननं बाहेर बोलावलं. बिल रीड या शिल्पकारानं १९८० मध्ये पूर्ण केलेलं त्याचं लाकडी शिल्प व्हँकुव्हरच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. मी ते छायाचित्रातच पाहिलं. शिंपल्यावर पंख पसरलेला प्रचंड पक्षी, आणि खालून घाबरत डोकावणारी माणसं. तिथे तो जन्माच्या वेळी हजर, आपल्याकडे दहाव्याला. मी माझा रॅव्हन बारदानाचा केला, सुतळीनं आणि दाभणानं शिवला. हाताला फोड आले. डोमकावळा सगळ्यांत सोपा गेला: एकसंध काळा, काजळाचा, त्यावर एकही टाका नाही.

पाय राहिले होते. पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीत फांद्या छाटल्या, तेव्हा गुलमोहरावरचं घरटं खाली आलं. पिल्लं उडून गेली होती, हे आधी पाहिलं. बाहेरून काटक्या, पण निम्म्याहून अधिक तारा: सळ्या बांधायची बाइंडिंग वायर, विजेच्या वायरीतलं तांबं, एक मोडका हँगर. आत काथ्या आणि केस. ते वळण पाहून हात जोडावेसे वाटले. चोचीनं तार वाकवून, अडकवून, वाऱ्यात टिकेल असं कडं केलेलं. त्यातली थोडी बाइंडिंग वायर मी घेतली आणि गावकावळ्याचे पाय वळले, तीन बोटं पुढे, एक मागे.

मग वर्ख. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीतली ती बाई अंगणातल्या कावळ्याला म्हणते, पंढरीचा राजा घरी कधी येणार ते सांग, तुझे पाय सोन्यानं मढवीन. सातशे वर्षं हे वचन मराठीत आहे. कावळ्याकडे मागताना बदल्यात काही द्यायचं कबूल करणारी ती मला एकटीच भेटली, तेही त्याच्या पायांना, ज्या पायांनी तो उकिरड्यावर बसतो. मी बेगड लावणार नव्हते. सोन्याच्या वर्खाची एक वही आणली, श्वास रोखून मऊ कुंचल्यानं उजवा पाय मढवला. डावा तसाच ठेवलाय. घाटावर मला जे विचारता आलं नाही ते आता मी रोज सकाळी त्या चौकटीला विचारते. वहीत पानं शिल्लक आहेत.

गेल्या महिन्यात मावशी आली होती. ब्याऐंशी वर्षांची, नजर अधू. चारही चौकटी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. ती गावकावळ्यापाशी थांबली, वाकली, काठाला हात लावला. "अक्काची संक्रांतीची," ती म्हणाली. मी नुसती मान हलवली. चंद्रकळा कापल्याबद्दल ती बोलेल म्हणून मी तयार होते. पण ती बोटानं धावदोरा चाचपत गेली, मानेपासून पंखापर्यंत, आंधळं माणूस वाचतं तशी.

"टाके मोठे पडलेत गं," ती म्हणाली. "अक्काचा टाका तांदळाएवढा असायचा."

मग तिनं चष्मा मागितला, आणि सुई. सुई मीच ओवून दिली. डाव्या पंखाच्या टोकाचे शेवटचे अकरा टाके तिचे आहेत.